वाणाची वही

(संक्रांतीच्या हळदीकुंकवानिमित्त डोंबिवली येथे भरलेल्या माता-भगिनींच्या मेळाव्यात एका ज्येष्ठ महिला पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश.)





संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. कधी चाळणी, कधी डबा, कधी कंगवा. त्यातले निम्मे फडताळात जाते आणि पुढच्या वर्षी आणखी कोणाच्या तरी ओटीत पडते! यंदा संयोजक भगिनींनी मला बोलावले तेव्हा विषयही त्यांनीच ठरवून दिला : 'धावपळीच्या जीवनात आईने वेळ कसा वाचवावा आणि मनावरचा भार कसा हलका करावा.' मी त्यांना एकच विनंती केली की, या वर्षी वाण म्हणून शंभर पानांची एक साधी वही द्यावी. ती वही आता आपणा प्रत्येकीच्या हाती आहे. आज ती कोरी आहे. ती कशासाठी दिली, एवढेच सांगायला मी उभी आहे.

मी मानसशास्त्राची अभ्यासक नाही, व्यवस्थापनशास्त्राचीही नाही. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झाले आणि वृत्तपत्राच्या कचेरीत तीस वर्षे काढली. दोन मुले वाढवली, सासूबाईंच्या अखेरच्या आजारपणात त्यांची सेवा घडली आणि हे सगळे डोंबिवलीची लोकल सांभाळून केले. तेव्हा जे सांगणार आहे ते पुस्तकातले कमी आणि पदरचे अधिक आहे. माझ्या चुकाही त्यात येतील; त्या ऐकून आपण शहाण्या व्हाव्यात.

हात मोडला, तेव्हा

२००७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. कन्या दहा वर्षांची, चिरंजीव सहा वर्षांचे. सकाळी दोघांचे डबे, सासूबाईंचा काढा, यजमानांची न्याहारी, वर टाकलेले कपडे काढणे असे सगळे उरकून मी स्थानकाचा जिना धावत चढत होते. पायरी ओली होती. पाय घसरला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये.

घरात कोणी वाईट नव्हते. यजमानांनी रजा घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली. मी पलंगावर बसून होते आणि स्वयंपाकघरातून प्रश्न येत होते. आईंची रात्रीची गोळी कोणती? डाळीला किती शिट्ट्या? गॅसचा नंबर लावला आहे का? मुलाचा पांढरा गणवेश कोणत्या वारी? शाळेची फी कोणत्या तारखेपर्यंत? इस्त्रीवाल्याकडे किती कपडे गेले? वृत्तपत्री सवयीने मी डाव्या हाताने वर्तमानपत्राच्या समासात एकेक रेघ ओढत गेले. संध्याकाळी मोजल्या तर एकेचाळीस भरल्या!

त्या एकेचाळीस रेघांनी माझे डोळे उघडले. मोडला होता माझा हात. पण अडले होते ते हातावाचून नव्हे. पोळ्या केंद्रावरून आल्या, भांडी बाईंनी घासली. अडले ते एवढ्यासाठी की, ते घर विटा-सिमेंटच्या भिंतींत जेवढे होते त्याहून अधिक माझ्या डोक्यात होते. तिथून ते बाहेर काढण्याची वाट कोणालाही ठाऊक नव्हती, मलाही नव्हती.

न मोजलेले काम

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरची विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, म्हणजे जवळजवळ पावणेपाच तास; अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात, असे त्यात दिसले. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटे वाचली. पण पुरुषांचीही नऊ मिनिटे वाचली! शिवाय अशा कामांना हात लावणारे पुरुष २०१९ मध्ये चारांत साधारण एक एवढेच होते.

आकड्यांचे हे गणित मी भांडणासाठी मांडत नाही. मला म्हणायचे आहे ते निराळेच. हातांच्या कामाला निदान मिनिटे तरी लागतात, ती मोजता येतात. परंतु रात्री उशीला डोके टेकल्यावर 'अरे, उद्या चित्रकलेची वही न्यायची आहे' हे जे आठवते, त्याची मिनिटे कशी मोजणार? काम हातावेगळे करता येते. आठवण हातावेगळी होत नाही. ती कचेरीत येते, लोकलमध्ये येते, देवापुढे हात जोडले तरी येते. आईला थकवा येतो तो कामाचा असतो. तिचा जीव मात्र दमतो तो या अखंड आठवण ठेवण्याने. म्हणून वेळ वाचवण्याचे उपाय शोधताना आपण आरंभच चुकीच्या ठिकाणी करतो. अधिक वेगाने हात कसे चालवावेत हे विचारतो. विचारायला हवे ते असे की, डोक्यातले ओझे खाली कोठे उतरवावे?

वहीची पहिली पाने

उत्तर आपल्या हातात आहे : या वहीत. आपल्या समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास खर्ची घातला, एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास. अध्यात्म सांगणाऱ्या ग्रंथात कागद, शाई आणि अक्षराच्या वळणाचा विचार कशासाठी? ज्यांना मोठा प्रपंच आणि मोठे कार्य चालवायचे असते त्यांना लिहिण्यावाचून गत्यंतर नसते, एवढा बोध मी त्यातून घेतला.

आठ दिवस एवढेच करा. घराविषयी जे जे मनात येईल ते येईल तेव्हा वहीत टिपा. क्रम नको, सुंदर अक्षर नको. दूध, लस, विजेचे बिल, भाचीच्या लग्नाचा आहेर, चपलेचा तुटलेला अंगठा. आठवडाभरात किती पाने भरतात ते पाहून आपल्याच विषयी आदर वाटू लागेल.

नवव्या दिवशी पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा. हे माझ्यावाचून होणारच नाही, हे घरातील अन्य कोणीही करू शकेल, आणि हे केले नाही तरी काही बिघडत नाही. मी पहिल्यांदा असे केले तेव्हा पहिली खूण फार थोड्या कामांना मिळाली. ज्या कामांसाठी मी वर्षानुवर्षे धावले त्यांतली पुष्कळशी माझी नव्हतीच!

त्यानंतर वहीतले सर्वांच्या नजरेसमोर आणायचे. कालनिर्णय १९७३ साली निघाले तेव्हापासून मराठी घराच्या भिंतीवर ते लागले आहे. तिथी, एकादशी, गॅसची तारीख, दुधाचे खाडे आपण त्यावर टिपत आलो. तीच परंपरा थोडी वाढवायची. शाळेची फी, परीक्षा, लसीकरण, विम्याचा हप्ता, डॉक्टरांची तारीख, पाहुण्यांचे येणे, सगळे भिंतीवर. वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांचे नाव आणि वेळ डब्याच्या झाकणावर. शिट्ट्यांचा हिशेब कुकरच्या वरच्या फळीवर चिकटवलेल्या कागदावर. मग 'आई, कुठे आहे?' या प्रश्नाला घरात एकच उत्तर : 'भिंत बघ.' पहिले पंधरा दिवस हे उत्तर द्यायला जड जाते. नंतर प्रश्नच येत नाहीत.

आजीचे शहाणपण

आता स्वयंपाकघराकडे वळू. आजी-पणजींना वेळेची किंमत नव्हती, असे आजच्या मुलींना वाटते. माझ्या सासूबाई सांगत त्यावरून मला उलटच दिसले. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे, लोणची. सवडीने भाजलेली भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. हे सगळे काय होते? ऐन पावसाळ्यात पाहुणा दारी आला तर पंधरा मिनिटांत ताट वाढता यावे, याची ती तरतूद होती. आणि ती कामे कोणी एकटी करीत नसे. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. काम सरे आणि मनातलेही बोलून होई. आपण यंत्रे पुष्कळ आणली. पण कामाची ती सोबत गमावली, आणि सवडीच्या वेळी घाईच्या वेळेची तजवीज करण्याची रीत विसरलो.

ती रीत आजच्या चालीने अशी. रविवारी चहाच्या वेळी सगळ्यांनी बसून आठवड्याच्या भाज्या ठरवायच्या. 'आज काय करू?' हा प्रश्न रोज विचारण्यापेक्षा सात दिवसांचा एकदा सोडवावा. त्यावरून किराण्याची आणि भाजीची एकच यादी. दाण्याचे कूट, आले-लसणाचे वाटण, चिंचेचा कोळ आठवड्यापुरता करून ठेवावा. खवलेला नारळ बर्फाच्या कप्प्यात चांगला राहतो. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी. फळभाज्या मात्र चार-चार दिवस आधी चिरू नयेत, त्यातले सत्त्व कमी होते. कणीक एका दिवसापुरती मळून, तेलाचा हात लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवता येते. उसळ शुक्रवारी हवी तर मटकी बुधवारी रात्री भिजायला पडली पाहिजे. हेही भिंतीवर लिहावे म्हणजे ते कोणालाही करता येते.

कुकरमध्ये तीन भांडी लागतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. वरण, भात आणि तिसऱ्यात दुसऱ्या दिवशीच्या भाजीचे बटाटे किंवा बीट. गॅस तोच, वेळ तीच. उरलेल्या अन्नाविषयी एक सावधगिरी सांगते. शिजवलेला भात, वरण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे. विशेषतः भात रात्रभर ओट्यावर राहिला तर नुसते गरम करून तो निर्धोक होत नाही. वेळ वाचवण्याच्या नादात पोट बिघडले तर दोन दिवस जातात.

आणि पोळीभाजी केंद्रावरून पोळ्या आणण्यात कमीपणा मानू नका. त्या पोळ्या बहुधा कोणी आईच लाटत असते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी. एकीच्या घरचे ताट दुसरीच्या घरचा संसार उभा करू शकते, याचे हे उदाहरण आहे.

पावले मोजा

लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन अभियंता बाईंची गोष्ट मला फार आवडते. बारा मुलांची आई. यजमानांच्या जोडीने त्या कारखान्यांतील कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करीत. १९२४ मध्ये यजमान अकस्मात गेले. एकटी बाई म्हणून कारखानदार काम देईनात, तेव्हा त्यांनी तीच दृष्टी स्वयंपाकघराकडे वळवली. एक पदार्थ करताना बाई किती पावले चालते, किती वेळा वाकते, ओट्याची उंची तिच्या उंचीला साजेशी आहे का, हे त्यांनी मोजले. पायाने झाकण उघडणारी कचऱ्याची पेटी त्यांच्याच नावे सांगितली जाते.

आपणही एक दिवस हे मोजावे. चहाचे पातेले एका टोकाला, साखर दुसऱ्या, गाळणे तिसऱ्या असे असते ना? जे एकत्र लागते ते एकत्र ठेवावे. रोजचे हाताच्या उंचीवर, सणावाराचे वर. पोळपाटापाशी तेल, पीठ, डबा. घर लहान असले तरी हे जमते. लहान असेल तर अधिकच जमते.

आणखी एक. सकाळची वेळ सकाळी वाचत नाही, ती आदल्या रात्री वाचते. रात्री जेवणानंतर अर्धा तास : दप्तरे भरून दाराशी, गणवेश इस्त्री करून, पाण्याच्या बाटल्या भरून, किल्ल्या खुंटीला. मुलांनी आपापले करायचे, आपण फक्त पाहायचे. ज्या घरात सकाळी मोजे शोधावे लागत नाहीत त्या घरात आईचा आवाज चढत नाही.

मदत नव्हे, जबाबदारी

आता नाजूक विषय. येथे कार्यकर्त्यांच्या घरच्या भगिनी पुष्कळ आहेत. आपल्या घरी प्रवासी कार्यकर्ते येतात, ऐन वेळी चार ताटे वाढावी लागतात, आणि यजमान बैठकीला गेलेले असतात. त्या वाढण्यात आनंद असतो, हेही खरे. परंतु एक गंमत मी नेहमी पाहते. शिबिरात जो कार्यकर्ता स्वतःचे ताट स्वतः धुतो, दोनशे जणांच्या पंक्तीत वाढतो, अंथरुणाची घडी चोख घालतो, तोच घरी आला की ताटावरून उठतो आणि ताट तेथेच राहते! शिबिरातील ती शिस्त घराचा उंबरठा ओलांडून आत का येऊ नये? सभागृहाच्या मागच्या रांगेत काही बंधू बसले आहेत. त्यांनी हसून सोडून देऊ नये.

पण काम देताना आपणही एक चूक करतो. आपण निरोप देतो, काम देत नाही. 'जरा दूध आणा' हा निरोप झाला. संपत आले हे मीच पाहायचे, सांगायचे मीच, आणले का हेही मीच विचारायचे. त्यात त्यांची दहा मिनिटे गेली, माझ्या डोक्यातले ओझे तसेच राहिले. काम द्यायचे तर अख्खे द्यावे. दुधाचे खाते यजमानांचे : संपल्याचे कळण्यापासून महिनाअखेरच्या हिशेबापर्यंत. कपड्यांचे खाते कन्येचे. झाडांना पाणी, चपलांची मांडणी धाकट्याची. पाच वर्षांचे मूल मोज्यांच्या जोड्या लावते, दहा वर्षांचे वरण-भाताचा कुकर मोठ्यांच्या देखरेखीखाली लावते. आणि मुलगा-मुलगी असा भेद येथे नको.

असे दिले की दुसरे पथ्य अधिक कठीण : मग त्यात बोलायचे नाही. घडी वाकडी पडेल, भाजीत मीठ कमी पडेल, एकदा फीची तारीख चुकून दंडही बसेल. तो दंड शिक्षणाचा खर्च समजावा.

हे मी आज शहाणपणाने सांगते आहे. पण मला ते तेव्हा कळले नाही. ते आता कबूल करायचे आहे. माझे प्लास्टर निघाले तोवर घर रुळले होते. यजमान डाळीची फोडणी देत, कन्या दप्तरे पाहत असे. मी बरी झाले आणि महिन्याभरात एकेक काम पुन्हा आपल्याकडे ओढून घेतले. 'राहू द्या, तुम्हाला नीट येत नाही', 'अगं, अशी घडी घालतात का?' का केले मी हे? खरे सांगायचे तर माझ्यावाचून घर चालते, हे मला सोसले नाही. पुन्हा तीच धावपळ, तोच चढलेला आवाज.

एके रात्री मी ओटा पुसत होते. चिरंजीव दाराशी येऊन उभे राहिले. सहा वर्षांचे पोर. म्हणाला, ''आई, तुझा हात परत कधी मोडणार?''

मी चमकून पाहिले. तो म्हणाला, ''हात मोडला होता तेव्हा तू रोज गोष्ट सांगायचीस.''

भगिनींनो, त्या सहा आठवड्यांत मला करता येण्याजोगे एकच काम उरले होते : मुलांना जवळ घेऊन बसणे. त्याच्या लेखी आईच्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस होते. पोळ्या कोणी केल्या, घडी कशी पडली, यातले त्याला काहीच आठवत नव्हते. मी फडके तेथेच ठेवले आणि त्याला गोष्ट सांगितली. ओटा त्या रात्री तसाच राहिला. सकाळी यजमानांनी पुसला. दुसऱ्या दिवशी मी पहिली वही आणली.

नको ते सोडणे

वहीतली तिसरी खूण आठवते ना? केले नाही तरी चालते अशी कामे. मुलांचे शाळेचे प्रकल्प रात्री अकरा वाजता आपण करीत असू तर ते आजपासून थांबवावे. त्यांनी केलेला वाकडा किल्ला आपण केलेल्या देखण्या किल्ल्यापेक्षा मोलाचा. प्रत्येक चादरीला इस्त्री नको. गौरीच्या नैवेद्याला सोळा भाज्या एकटीने करण्याचा अट्टहास नको. जावा-नणंदांनी वाटून आणल्या तर गौरी अधिकच प्रसन्न होईल. श्रद्धा कमी करावी असे मी म्हणत नाही; श्रद्धेच्या नावाखाली एकीने दमून जावे, हे मात्र देवाला मान्य नसावे.

मोबाईलचेही तसेच. शाळेचा गट, सोसायटीचा गट, माहेरचा गट, सगळे दिवसभर खुणावत असतात. त्यांचे आवाज बंद करून दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी पाहावेत. तातडीचे असेल तर माणूस फोन करतो. वीज, फोन यांची बिले आपोआप भरली जाण्याची सोय बँकेत करता येते, ती करावी. सांकेतिक क्रमांक मात्र कोणालाही सांगू नये. आणि दहा मिनिटांत सामान दारात येते म्हणून दिवसातून चारदा मागवू नये. चारदा मागवणे म्हणजे चारदा आठवणे आणि चारदा दार उघडणे. आठवड्याची एक यादी केव्हाही बरी.

थकव्याचे कारण पाहा

कधी कधी वेळ असूनही अंगात त्राण नसते. तेव्हा स्वतःला आळशी ठरवू नका. रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा थकवा वेळापत्रकाने जात नाही, औषधाने आणि आहाराने जातो. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास अन्नातले लोह नीट शोषले जात नाही, म्हणून चहा तासाभराने घ्यावा. पानात लिंबाची फोड असावी. आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाण्याची खोड सोडून सगळ्यांबरोबर गरम जेवावे.

मनाचेही असेच. सात तासांची झोप ही चैन नव्हे. दुपारी किंवा संध्याकाळी दहा मिनिटे दार लोटून शांत बसावे, दीर्घ श्वास घ्यावा, नामस्मरण करावे, जिला जे रुचेल ते. परंतु दोन आठवडे झोप येत नाही, रडू येते, कशातच गोडी वाटत नाही असे होत असेल, विशेषतः बाळंतपणानंतर, तर ते 'मनाचे खेळ' म्हणून दडपू नये. डॉक्टरांना दाखवावे. २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती विनामूल्य आहे, अहोरात्र चालते आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपल्याला नाही तर शेजारणीला उपयोगी पडेल.

दुसरीही आईच

एका गोष्टीचा विसर पडू देऊ नका. आपला वेळ वाचवायला घरी ज्या बाई येतात त्याही कोणाच्या तरी आईच असतात. आपले मूल शाळेतून परत येते तेव्हा त्यांचे मूल कोठे असते? त्यांना आठवड्याची ठरलेली सुटी, वेळेवर पगार आणि मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत मोकळीक देणे, हेही याच विषयात येते. आपली सुटका दुसऱ्या आईच्या पाठीवर लादून झाली तर ती सुटका नव्हे.

बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काय केले? मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथे रुजली. तीच दृष्टी ठेवून आपले मंडळ पुष्कळ करू शकेल. एका सोसायटीतील चार आयांनी मुलांना शाळेत सोडण्या-आणण्याचे दिवस वाटून घ्यावेत. निवृत्त शिक्षिकांनी संध्याकाळी दोन तास अभ्यासवर्ग चालवावा. नोकरी करणाऱ्या भगिनींनी कायदा माहीत करून घ्यावा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराच्या सोयीचे बंधन आले. हक्काने विचारा, संकोच नको. आणि जी आई एकटीने घर ओढते आहे, तिच्याकडे काम वाटून द्यायला माणसेच नसतात; तिच्या घरची माणसे आपण व्हायचे.

शेवटचे सांगते. या वहीचे शेवटचे पान कोरे ठेवा. वाचवलेल्या वेळेचे काय करणार, ते त्यावर लिहा. वाचलेल्या वेळेत आणखी एक काम घुसवले तर वाचवून काय मिळवले? माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी मी एकच शब्द लिहिला होता : 'गोष्ट'. तो मुलगा आता पंचविशीचा झाला आहे. परगावी राहतो, स्वतःच्या पोळ्या स्वतः लाटतो. वाकड्या होतात, पण लाटतो. रात्री फोन आला की म्हणतो, ''आई, आज काय झाले ते सांग.'' आणि मला सांगायला वेळ असतो.

तुम्हालाही तो मिळो. तिळगूळ घ्या, गोड बोला; आणि घरी गेल्यावर वहीचे पहिले पान आजच उघडा.